वर्गात असते, हजर नसते

ज्या मुलीला मी रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत सोडतो, ती मुलगी शाळेत येतच नाही, असं पत्र शाळेने पाठवलं तेव्हा मी आधी हसलो. नंतरच्या तीन महिन्यांत मला जे हसले त्या सगळ्यांची सुरुवात मीच करून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

मुलगी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. पाय फुटल्यापासून एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. भाची चष्म्याच्या दुकानात काम करते, जावई फिरतीवर असतो, आणि मी निवृत्त आहे. निवृत्त माणूस म्हणजे रिकामं स्टूल, ज्याला जे ठेवायचं असेल ते ठेवून जातो. माझ्यावर मुंगीला शाळेत पोचवायचं काम ठेवलं गेलं आणि खरं सांगायचं तर दिवसभरातलं तेवढंच काम मला आवडायचं.

मुंगी बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो, तिथे अडतो, ती मान किंचित वाकडी करते, आणि मग तो येतो. येतो मात्र नक्की. फक्त समोरच्याला तेवढा वेळ उभं राहावं लागतं, आणि सिनेमाच्या तिकिटासाठी तासभर उभी राहणारी माणसं चौथीतल्या पोरीच्या एका शब्दासाठी उभी राहत नाहीत.

तर पत्रात असं होतं की अनुक्रमांक सतरा वर्षभर सातत्याने गैरहजर असल्यामुळे तिला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, आणि तिला त्याच इयत्तेत ठेवण्यात येईल.

भाची पत्र घेऊन आमच्याकडे आली ती रडकुंडीलाच येऊन. "मामा, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी पुढे जातील. आधीच ती घरात खुणा करायला लागलीये. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट दाखवते. हिला मागे ठेवलं ना, तर ही बोलणंच सोडून देईल."

"अगं, कारकुनाची चूक असणार," मी म्हणालो. "मी उद्या जाऊन येतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"नळाचा वॉशर बदलायचं कामही दहा मिनिटांचंच होतं," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्यांनी अजून आपल्याशी बोलणं सुरू केलेलं नाही."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. उभा जन्म मी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढला आहे. पत्राला पत्राने कसं गारद करायचं हे मला नळवाल्यांनी शिकवू नये.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीच्या वर्गात गेलो. वर्गशिक्षिका बाई टेबलावर वाकून काहीतरी तपासत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर न करताच "बसा" म्हटलं. वर्गात मोठ्यांसाठी दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी पहिल्या बाकावर बसलो. तो बाक चौथीतल्या मुलांच्या मापाचा होता. बसलो कसला, अडकलो. माझे गुडघे छातीशी आले, आणि पुढचा सगळा युक्तिवाद मी त्याच आसनात केला.

"बाई, ही मुलगी गैरहजर असते असं पत्र आलंय."

"हो."

"ती बघा. दुसऱ्या बाकावर बसलीये. पेन्सिलीला टोक करतेय."

"बसते ना. रोज बसते. अक्षर चांगलं आहे तिचं."

"मग गैरहजर कशी?"

"वर्गात असते हो," बाई पान उलटत म्हणाल्या. "हजर नसते."

हे वाक्य मी कचेरीत असताना ऐकलं असतं तर आमच्या साहेबांबद्दलच्या निम्म्या तक्रारी मला नीट मांडता आल्या असत्या. पण इथे ते आमच्या पोरीबद्दल होतं. मी खुलासा मागितला. तो असा, की बाई नंबर पुकारतात, मुलाने लगेच 'हजर' म्हणायचं, बाई खूण करतात. सतरा म्हटल्यावर आवाज येत नाही. म्हणून बाई अठराकडे जातात.

"तिला थोडा वेळ लागतो," मी म्हणालो.

"मला नाही का वेळ लागत? पुढे एकोणीस आहे, वीस आहे, अख्खा वर्ग आहे. आता तो एकोणीस नंबर बघा. माझ्या तोंडातून नंबर निघायचा अवकाश, की हजर! वर्षात एक खाडा नाही. आणि स्वभावाने इतका गरीब, की कधी काही विचारत नाही, कधी बाहेर जाऊ का म्हणत नाही. हजेरीचा चषक यंदा त्यालाच."

"बाई, हिने नुसता हात वर केला तर?"

"मला चालेल हो. पण नियम तोंडी हजेरीचा आहे. मोठ्या बाईंना विचारा." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पान उलटलं. इतका वेळ बोललो, पण माझ्या तोंडाला नाक आहे की नाही हे त्या बाई शपथेवर सांगू शकल्या नसत्या. बाकातून मला दोन मुलांनी ओढून काढलं.

घरी येताना मुंगीने माझा हात हलवला. "आजोबा, तो एकोणीस..." आणि शब्द अडला.

"एकोणीसचा पाढा?" मी म्हणालो. तिने मान हलवली, पण नकाराची की होकाराची हे पाहायला मी वाकलो नाही. "अगं, त्यात लाजायचं काय! मलाही लहानपणी एकोणीसचा पाढा जड जायचा. चल, म्हणूया. एकोणीस एके एकोणीस!" तिने एक मोठा सुस्कारा सोडला आणि माझ्याबरोबर म्हणू लागली. ती एकदाही अडखळली नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, पण मी फार मोठ्याने म्हणत होतो.

संध्याकाळपर्यंत बातमी समोरच्या दारात गेली. समोर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. नोकरीत असताना ते गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचे. त्यांना आयुष्यात कुणी काही विचारलेलं नाही, आणि त्याची भरपाई ते आता करताहेत. ते आले, बसले, आमचा चहा घेतला आणि म्हणाले, "हे सगळं भीतीमुळे असतं. भीतीने आलेलं भीतीनेच जातं. काट्याने काटा."

"म्हणजे नेमकं काय करायचं?" भाचीने विचारलं. गरजवंताला अक्कल नसते, नाहीतर तिने विचारलं नसतं.

सल्लागारांनी डोळा मिचकावला, खिशातून कागदी पिशवी काढली, फुगवली, आणि मुंगी चित्र काढत बसली होती तिच्या पाठीमागे जाऊन फाडकन फोडली. मुंगीने शांतपणे मागे वळून बघितलं. आमच्या सौभाग्यवतींच्या हातून किटली पडली. ती चुकवायला मी मागे सरलो आणि कोचावर बसलो. तिथे भाचीने गिऱ्हाइकाला द्यायला आणलेला नवा चष्मा होता. मुंगी पोट धरधरून हसली, आणि सल्लागार म्हणाले, "पाहिलंत? हसताना अडखळते का? गुण यायला लागला!"

त्यानंतर आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. भाची, मुंगी आणि मी. मोठ्या बाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात चषक होते, खुर्च्यांवर नव्या असतानाचं प्लास्टिक तसंच होतं, आणि बसल्यावर हललं की ते असा काही आवाज करायचं की प्रत्येकाला दुसऱ्याकडे संशयाने बघावं लागे. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'प्रत्येक मूल वेगळे, प्रत्येक मूल आपले' असं लिहिलेलं होतं.

"आमची शाळा या मुलांच्या बाबतीत अतिशय संवेदनशील आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं. ज्या माणसाला आपली संवेदनशीलता भिंतीवर दाखवावी लागते त्याच्याकडे कामाला जाऊ नये, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

"आमचं मागणं एवढंसं आहे," भाची म्हणाली. "तिला हात वर करू द्या."

"हीच तर अडचण आहे. पूर्वी हात वर करायची पद्धत होती. एका मुलाने दोन्ही हात वर केले, आणि त्याचा मित्र तेव्हा नदीवर पोहत होता. तेव्हापासून तोंडी. ताई, हात कुणाचाही असू शकतो. आवाज मात्र ज्याचा त्याचाच असतो."

मी प्लास्टिकवर पुढे सरकलो. आवाज झाला. मी खाकरून तो झाकला. "मग तिला शेवटचा नंबर द्या. शेवटी कितीही वेळ लागला तरी कुणाचं अडणार नाही."

"नंबर आडनावाच्या क्रमाने असतात. आडनाव बदलल्याचा कागद आणा, नंबर लगेच बदलते." हे त्या थट्टेने म्हणाल्या असत्या तर मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं असतं. पण त्या खरंच वाट पाहत होत्या.

मग त्या मुंगीकडे वळल्या आणि लहान मुलांशी बोलताना मोठी माणसं जो गोड आवाज काढतात तो काढून म्हणाल्या, "काय गं बाळा, तुला काय वाटतं?"

मुंगीने मान वाकडी केली. "एकोणीस..." ती म्हणाली आणि थांबली.

"एकोणीस नाही बाळा, तुझा सतरा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाढा म्हणायचाय तिला," मी म्हणालो.

"घाबरलीये हो, नाहीतर बोलते ती," भाची म्हणाली.

एका मुलीच्या एका वाक्यासाठी तीन जण धावून आले. मुंगीने तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि तोंड मिटलं.

शेवटी असं ठरलं की सरकारी दवाखान्यातून दाखला आणावा. मुलीला बोलण्याची अडचण आहे असं तज्ज्ञांनी लिहून दिलं, तर शाळा सहानुभूतीपूर्वक विचार करील. कचेरीतल्या अनुभवावरून सांगतो, सहानुभूतीपूर्वक विचार म्हणजे नकार द्यायला लागणारा जास्तीचा वेळ. तरी आम्ही दाखल्यामागे लागलो. दुसरा इलाज नव्हता.

दाखल्याची कथा थोडक्यात सांगणार होतो, पण ती थोडक्यात घडली नाही. पहिल्या खेपेला खिडकीवरचा माणूस म्हणाला, शाळेचं पत्र आणा की मुलगी शाळेत शिकते. शाळा म्हणाली, असं पत्र नियमित हजर असणाऱ्यांनाच मिळतं. दुसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस बदलला होता, त्याला पत्र नको होतं, त्याला मुलीचा फोटो हवा होता, तोंड मिटलेला. तिसऱ्या खेपेला, मुंगीची शाळा सुटल्यावर गेलो तेव्हा, आम्हाला आत सोडलं. आत जे डॉक्टर बसले होते ते हाडांचे होते. बोलण्याचे डॉक्टर रजेवर गेले होते, आणि तपासणीचं मंडळ बसवायचं म्हणजे खुर्चीत कुणीतरी डॉक्टर हवाच, म्हणून यांना बसवलं होतं. त्यांनी सवयीने आधी मुंगीचा गुडघा वाकवून बघितला.

"गुडघा उत्तम आहे," ते म्हणाले. "आता काहीतरी बोलून दाखव बघू."

इथे मी माती खाल्ली. मुंगी बावरली आहे असं मला वाटलं, आणि तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "ते एकोणीसचं म्हण ना, बाळा. रोज म्हणतो ते."

महिनाभर शाळेच्या वाटेवर मी तिच्याकडून तो पाढा घोटून घेतला होता. शहाणं माणूस मूर्ख माणसाकडे शेवटचं म्हणून जसं बघतं, तसं मुंगीने माझ्याकडे बघितलं. आणि मग तिने एकोणीस एके एकोणीसपासून एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत पाढा खाडखाड म्हणून दाखवला. पाठ केलेलं, ठेक्यात म्हणायचं, किंवा कुणाबरोबर म्हणायचं असलं की अडखळणारी मुलं अडखळत नाहीत, हे भाचीला ठाऊक होतं, आणि ते ती मला अनेकदा सांगत आली होती. तिचंही वाक्य मी बहुधा पुरं होऊ दिलं नसणार.

"छान बोलते की!" डॉक्टर म्हणाले. "हिला काहीच झालेलं नाही. मला हा पाढा येत नाही."

"अहो डॉक्टर, हे बोलणं नाही, हा पाढा आहे! बोलणं वेगळं आणि..." संताप माझ्या डोक्यात गेला. संतापात माझी एक लहानशी खोड आहे, शब्दांची गर्दी होते आणि एकही बाहेर पडत नाही. "तु... तु... तुम्ही ह... ह..."

डॉक्टर खुर्चीत पुढे झुकले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली. "आपल्याला हे कधीपासून?"

"म... म... मला नाही! हि... हि..."

"शांत व्हा. लाजण्यासारखं काही नाही," ते कनवाळूपणे म्हणाले, आणि शिपायाला सांगितलं, "आजोबांना पुढच्या महिन्यातली तारीख द्या." मला तारीख मिळाली. ती चिठ्ठी शिपायाने माझ्या खिशात घातली. मुंगीला काहीच मिळालं नाही.

भाची मुंगीचा हात धरून घरी निघाली. जिन्यात ती थांबली. "मामा, तुम्ही आमच्यासाठी पळताय हे मला कळतं," ती म्हणाली. "पण तुम्ही तिच्या वतीने बोलता, माझ्या वतीने बोलता, डॉक्टरांच्याही वतीने बोलायला निघाला होतात. शाळा तिला एक शब्द म्हणू देत नाही म्हणून आपण भांडतोय ना? मग घरी तरी म्हणू द्या."

मला हे लागलं. इतकी पायपीट करून माणसाला हे ऐकावं लागतं. मी दोन दिवस भाचीशी बोललो नाही, आणि सौभाग्यवती म्हणाल्या की तिला बरीच मदत झाली असेल.

परीक्षा जवळ आली. दाखला नव्हता. मी शाळेला पाठवलेल्या पत्रांना 'विचाराधीन' असं उत्तर येत होतं, आणि मुंगी आता घरात जवळपास बोलेनाशी झाली होती. शाळेच्या वाटेवर मी पाढा सुरू केला तर ती हात सोडून पुढे पळायची. मला ते बघवत नव्हतं. एवढ्यात वार्षिक बक्षीस समारंभाचं बोलावणं आलं. आम्ही जायचं ठरवलं. मोठ्या बाईंना पाहुण्यांसमोर गाठायचं आणि सगळ्यांदेखत जाब विचारायचा, असा माझा बेत होता. मी भाषण लिहून काढलं होतं. त्यात 'अन्याय' हा शब्द इतक्यांदा आला होता की सौभाग्यवतींनी विचारलं, हे नाव कुणाचं आहे का.

समारंभ शाळेच्या सभागृहात होता. मुलं पुढे जमिनीवर, पालक मागे खुर्च्यांवर, आणि आमच्या सुदैवाने सल्लागार आमच्या शेजारी. त्यांना कुणी बोलावलं होतं हे मला अजून कळलेलं नाही. पाहुणे म्हणून कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांनी शिस्तीवर भाषण केलं. त्यांना यायलाच उशीर झाला होता, त्यामुळे ते घाईघाईने केलं. मग बक्षिसं सुरू झाली. धावण्याचं, चित्रकलेचं, स्वच्छतेचं. आणि मग मोठ्या बाई माइकवर आल्या.

"आता आपल्या शाळेचा मानाचा चषक. संपूर्ण वर्षात एकही दिवस गैरहजर न राहिलेला विद्यार्थी. इयत्ता चौथी, अनुक्रमांक एकोणीस!"

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी चषक उचलून धरला. कुणी उठलं नाही.

"अनुक्रमांक एकोणीस!" मोठ्या बाई पुन्हा म्हणाल्या.

टाळ्या विरळ होत थांबल्या. वर्गशिक्षिका बाई व्यासपीठाच्या कडेला होत्या. "लाजत असेल," त्या म्हणाल्या. "सकाळी हजर होता. मी स्वतः हजेरी घेतलीये." शिपाई स्वच्छतागृहात बघून आला. अध्यक्षांनी चषक या हातातून त्या हातात घेतला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "बाई, तो तर सहामाहीच्या आधीच गेला! त्याच्या बाबांची बदली झाली!"

सभागृहात कुजबुज झाली. "असं कसं?" बाई म्हणाल्या. "शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कुणी आलेलं नाही. आणि तो रोज हजर म्हणतो!"

"मग रोज हजर कोण म्हणतं?" मोठ्या बाईंनी विचारलं. माइक चालूच होता, त्यामुळे हा प्रश्न भिंतीवर आपटून सगळ्यांना दोनदा ऐकू आला.

तेव्हा दुसऱ्या रांगेत मुंगी उठून उभी राहिली. तिने हात वर केला होता. नियमात न बसणारा तो हात तिने पार सरळ वर नेला होता.

तिने मान वाकडी केली. शब्द अडला. सवयीने मी खुर्चीतून अर्धा उठलो, माझ्या खिशात भाषण होतं, माझ्या तोंडात पहिलं वाक्य होतं. भाचीने माझा सदरा मागून धरला आणि मला खाली ओढला. तिने सदरा सोडला नाही.

सगळं सभागृह थांबलं. चांगुलपणाने थांबलं असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मोठ्या बाईंना, अध्यक्षांना, सल्लागारांना आणि मला नाइलाजाने गप्प बसावं लागलं. वर्गशिक्षिका बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, वर्षात पहिल्यांदाच.

शब्द आला. त्याच्यामागून बाकीचे आले, एकेक, थांबत, पण सगळे आले.

"तो इथे नाहीये," मुंगी म्हणाली. "ते सगळे हजर माझे आहेत."

सतरा म्हटल्यावर निघालेला तिचा 'हजर' रोज एकोणीसला पोचत होता, आणि तो मुलगा गेल्यावरही बाई खाली मान घालून रोज तो एकोणीसच्या नावावर चढवत होत्या. पोरगी हे पहिल्या दिवसापासून सांगत होती. वर्गात सांगितलं, रस्त्यात मला सांगितलं, मोठ्या बाईंच्या खोलीत सांगितलं. आम्ही तिला पाढा शिकवला.

भाची रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही. सल्लागारांनी मला आपला रुमाल दिला, तो मी परत केला. व्यासपीठावर आता काय करावं हे कुणालाच कळेना. शेवटी अध्यक्षांचा हात चषक धरून भरून आला, किंवा त्यांना पुढच्या समारंभाला उशीर होत असेल. ते म्हणाले, "ये बाळ, घेऊन जा." मुंगी गेली आणि घेऊन आली. चषकावर नाव एकोणीस नंबरचं आहे.

यानंतर शाळेला लाज वाटली असेल असं वाटणाऱ्या वाचकाने शाळा पाहिलेली नसावी. आठवड्यात दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की अनुक्रमांक सतराची उपस्थिती विशेष बाब म्हणून मान्य करण्यात येत असून तिला परीक्षेला बसू देण्यात येत आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की दुसऱ्या विद्यार्थ्याच्या क्रमांकाला हजेरी दिल्याबद्दल तिला समज देण्यात येत आहे. मोठ्या बाईंनी 'पाहून हजेरी' नावाचा एक अभिनव उपक्रम सुरू केला. त्यात हजेरी घेताना शिक्षकांनी मान वर करून मुलांकडे बघायचं असतं. या उपक्रमाबद्दल त्यांचं एका परिषदेत भाषणही झालं, असं ऐकतो. वर्गशिक्षिका बाईंची मान दुखते. त्यांना मी हाडांचे एक डॉक्टर सुचवले.

मुंगी परीक्षेला बसली, पास झाली आणि पाचवीत गेली. निकालाच्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले होते आणि सल्लागार न बोलावता आले. चहाचा कप घेऊन ते कोचावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "अखेर कागदी पिशवीनेच काम केलं म्हणायचं."

मला जे वाटलं ते मी लिहू शकतो, पण तेव्हा बोलू शकलो नाही. संताप डोक्यात गेला, शब्दांची गर्दी झाली. "तु... तु..." मी सुरू केलं.

"तुम्हाला थोडा आणखी चहा हवाय का, असं विचारताहेत," सल्लागार हसत म्हणाले आणि कप पुढे केला.

मुंगीने हात वर केला. तो हात बघून सल्लागारसुद्धा गप्प झाले. "थांबा," ती त्यांना म्हणाली, आणि हा शब्द मात्र एका दमात आला. "आजोबांचं झालं नाही अजून."

मग सगळे थांबले. सौभाग्यवती किटली हातात धरून थांबल्या, भाची दारात थांबली, आणि मुंगी माझ्याकडे बघत, मान किंचित वाकडी करून, घाई न करता थांबली. एवढ्या वर्षांत माझं वाक्य पुरं होईपर्यंत या घरात कुणी थांबल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी ते सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत, एकदाही न अडखळता सल्लागारांना ऐकवलं. वाक्य काय होतं ते इथे देत नाही, कारण ही गोष्ट मुंगीही वाचणार आहे, आणि ती त्या वेळी खोलीत होती हे सौभाग्यवती मला अजून विसरू देत नाहीत.